‘बिर्याणी नगं, तांदूळ हाय का?’

शनिवारी रात्री हॉटेलांत उरलेलं अन्न गोळा करून फुटपाथवर वाटणारे तरुण ग्रुप मुंबईला आता नवीन नाहीत. पण पोट काही फक्त शनिवारी भुकेलं नसतं. मग बाकीच्या दिवसांचं काय? अशाच एका ग्रुपबरोबर फिरताना या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते एका रेशनच्या दुकानात...

शनिवार. रात्रीचे सव्वाअकरा. लोअर परळ. जिथे एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजायचे, तिथे आता डीजे वाजतोय. व्हॅले पार्किंगवाली पोरं धावत गाड्या काढताहेत, लिफ्टमधून परफ्यूमचे घमघमाट उतरताहेत. वीकेण्ड फुल टू ऑन! आणि याच इमारतीच्या मागच्या बाजूला, जिथे किचनचा दरवाजा उघडतो आणि कचऱ्याचे ड्रम ठेवलेले असतात, तिथे चौघं जण शांतपणे उभे आहेत. हातात स्टीलचे मोठे डबे, खांद्याला कापडी पिशव्या.

एक सीए आहे. एक सॉफ्टवेअर टेस्टर. एक जण जाहिरात एजन्सीत कॉपी लिहितो आणि चौथी एका बँकेत एचआरला आहे. सगळे पंचविशी-तिशीतले. तुमच्या-माझ्यासारखेच. सोमवारी सकाळी यांनाही बॉसची मेल येते, महिनाअखेरीला यांचंही क्रेडिट कार्डाचं बिल भरायचं राहतं. पाचवी मी. डायरी घेऊन आलेली, ‘फक्त बघायला’.

किचनचा दरवाजा उघडला. टोपी घातलेला एक शेफ बाहेर आला.

‘‘व्हेज बिर्याणी आहे, डाळ आहे, चपात्या आहेत. आणि पनीरची ग्रेव्ही, पण ती बुफेवर तीन तास होती.’’

‘‘मग पनीर नको,’’ सीए म्हणाला. त्याने बिर्याणीच्या भांड्याला बाहेरून हात लावून पाहिला, झाकण काढून वास घेतला, डाळीत चमचा फिरवला. भरलेलं भांडं परत आत गेलेलं बघून मला जरा वाईटच वाटलं. चांगलं दिसत होतं हो पनीर! तो हसला. ‘‘जे आपण खाणार नाही, ते त्यांना द्यायचं नाही. सिंपल फंडा आहे.’’

घड्याळाशी शर्यत

उरलेलं अन्न वाटणं म्हणजे पिशवी उचलली आणि निघालो, इतकं सोपं नाही. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये रेंगाळलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून ते कडकडीत गरम हवं किंवा चांगलं थंड. आपल्या दमट हवेत रूम टेम्परेचरला दोन तास, एवढीच काय ती मुदत. म्हणून हे लोक क्रीम, दूध, मेयॉनीज, मासे यांना हात लावत नाहीत आणि कुणाच्या ताटात वाढलेलं अन्न तर अजिबात घेत नाहीत. किचनमध्ये राहिलेलं, पण वाढलं न गेलेलं, तेवढंच घेतात. २०१९मध्ये ‘एफएसएसएआय’ने या प्रकारासाठी रीतसर नियमही आणले. उरलेलं अन्न देणाऱ्याने काय पाळायचं, वाटणाऱ्याने काय पाळायचं, सगळं त्यात लिहिलेलं आहे.

ही आयडिया तशी आता चांगलीच रुजली आहे. ऑगस्ट २०१४मध्ये दिल्लीत काही तरुणांनी ‘रॉबिनहूड आर्मी’ सुरू केली. पहिल्या रात्री जेमतेम दीडशे जणांना जेवण वाटलं होतं. त्यातला नील घोष त्याआधी कामानिमित्त पोर्तुगालमध्ये होता. तिथे ‘रीफूड’ नावाची चळवळ त्याने बघितली होती. पैसे घ्यायचेच नाहीत, वेळ द्यायचा आणि अन्न फिरवायचं, हा ‘रॉबिनहूड आर्मी’चा नियम. बघता बघता ही ‘आर्मी’ शहराशहरांत पोचली. मुंबईत २०१५मध्ये आपल्या डबेवाल्यांनी लग्नांमध्ये, पार्ट्यांमध्ये उरलेलं जेवण भुकेलेल्यांपर्यंत नेण्यासाठी ‘रोटी बँक’ सुरू केली. पुढे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही डबेवाल्यांना सोबत घेऊन हेच काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. मार्च २०२०च्या अखेरीस, लॉकडाऊनमध्ये हजारो मजूर अडकले तेव्हा, ‘खाना चाहिये’सारखी नागरिकांची मोहीम रातोरात उभी राहिली. म्हणजे या शहरात मन मोठं असणाऱ्यांची कमी नाही, बॉस!

आणि अन्नाचीही कमी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४चा फूड वेस्ट अहवाल सांगतो की भारतात घराघरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. ही नासाडी हॉटेलांतली किंवा लग्नांतली नव्हे, आपल्या घरची आहे. फ्रीजच्या मागच्या कप्प्यातला तो मऊ पडलेला पालक आठवा, रविवारी जोशात आणलेला आणि गुरुवारी गुपचूप फेकलेला...

दुसरीकडे, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. तीनातलं एक मूल! अशी वाढ खुंटते ती वर्षानुवर्षं ताटात कमी पडल्यामुळे. एखाद्या रात्री उपाशी झोपल्यामुळे नाही. हे वाक्य मी डायरीत लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला कळला तो त्याच रात्री, साडेबाराच्या सुमारास.

पुलाखालची तीन विटांची चूल

पूर्व उपनगरातला एक उड्डाणपूल. त्याखाली दहा-बारा बिऱ्हाडं. ताडपत्री, बोचकी, पाण्याचे निळे कॅन. आमची गाडी थांबली तशी काही माणसं उठून आली. रांग लागली. कुणी डबा आणला, कुणी परात. एचआरवाली मुलगी भराभर वाढत होती, ‘‘मावशी, अजून घ्या, आहे भरपूर!’’

एक बाई मात्र जागेवरून उठली नाही. तिशीची असेल. दोन मुलं तिच्या दोन्ही बाजूंना गाढ झोपलेली. मी बिर्याणीचा द्रोण घेऊन तिच्याकडे गेले.

‘‘ताई, घ्या ना.’’

तिने द्रोण घेतला, बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, ‘‘बिर्याणी नगं बाई, तांदूळ हाय का? कच्चा?’’

मला कळेना. गरमागरम बिर्याणी सोडून कच्चे तांदूळ?

‘‘ही आज हाय. उद्याला इटंल. आन् रोज रातच्याला बारा वाजता लेकरं उठवून खाऊ घालायची व्हय?’’

खरं सांगते, मी गप्प झाले. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच घड्याळ होतं, हॉटेलचं किचन बंद होण्याचं. लेकरांच्या जेवणाच्या वेळेचं घड्याळ कुणी पाहिलंच नव्हतं!

ती मूळची जालना जिल्ह्यातली. नवरा नाक्यावर उभा राहतो, बिगारीचं काम मिळेल त्या दिवशी जातो. तीही जाते, वाळू-सिमेंटची घमेली उचलायला. महिन्यातून किती दिवस काम मिळेल याचा काही नेम नसतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. चूल तीन विटांची, सरपण म्हणजे फळांच्या खोक्यांच्या फळ्या. तेल रोजचं रोज, पिशवीतून आणलेलं. तांदूळ अर्धा किलो, पाव किलो. तुम्ही-आम्ही मॉलमधून पाच किलोची बॅग डिस्काउंटमध्ये उचलतो. ती रोज सुटं घेते, म्हणून तिला तोच तांदूळ आपल्यापेक्षा महाग पडतो. गरिबी अशी खर्चिक असते!

‘‘रेशन कार्ड नाही का ताई?’’ टेस्टरने विचारलं.

‘‘हाय की. गावाला हाय. सासूपाशी.’’

कार्ड गावाला, पोट मुंबईला

रेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते लांबलचक रांग, रॉकेलचा वास आणि आजीच्या ट्रंकेतलं ते जीर्ण कार्ड. आपल्यापैकी अनेकांसाठी रेशन कार्ड म्हणजे पासपोर्टच्या वेळी शोधायचा पत्त्याचा पुरावा! पण मुंबई आणि रेशन यांचं नातं फार जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३मध्ये, या शहरात पद्धतशीर रेशनिंग सुरू झालं. देशात ते सर्वांत आधी आणणाऱ्या शहरांत मुंबईचं नाव होतं.

त्यानंतर या शहराने आपल्या भुकेल्यांसाठी काय काय करून पाहिलं! गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. योजना गुंडाळली गेल्यावर त्यातल्या कितीतरी केंद्रांवर वडापाव आणि चायनीज मिळू लागलं, हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल. २६ जानेवारी २०२०ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली : दोन चपात्या, भाजी, डाळ, भात. लॉकडाऊनमध्ये ती पाच रुपयांची झाली, २०२१मध्ये काही महिने चक्क फुकट. शहरात एका थाळीमागे चालकाला मिळायचे ५० रुपये : दहा ग्राहकाचे, चाळीस सरकारचे. २०२५मध्ये मात्र थकलेल्या बिलांबद्दल केंद्रचालकांच्या तक्रारी बातम्यांत झळकत होत्या.

आणि माहीमची ती हॉटेलं विसरून कसं चालेल? दर्ग्याच्या परिसरातल्या काही हॉटेलांसमोर माणसं रांगेने उकिडवी बसलेली असतात. वाटसरूने गल्ल्यावर पैसे द्यायचे, हॉटेलवाला तेवढ्या जणांना आत घेऊन जेवू घालतो. ना फॉर्म, ना फोटो. मुंबईचा सगळ्यात जुना ‘क्राउडफंडिंग’ प्रकल्प म्हणा ना!

पण थाळी असो, द्रोण असो की माहीमची रांग, हे सगळं एका वेळचं. महिन्याचा हिशेब बसवते ती एकच गोष्ट : कार्ड.

२०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबांना महिन्याला ३५ किलो धान्य हा हक्क दिला. तेव्हा तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत झालं आणि जानेवारी २०२४पासून आणखी पाच वर्षांसाठी ते मोफतच ठेवायचं ठरलं. आता गंमत बघा. हा हक्क किती जणांना, याची मर्यादा ठरलेली आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७६.३२ टक्के, शहरी भागात ४५.३४ टक्के. तीसुद्धा २०११च्या जनगणनेवर! त्यानंतर शहरात आलेली, जन्मलेली, वाढलेली माणसं त्या हिशेबात नाहीतच. शहरासाठी राज्याने उत्पन्नाची अट घातली होती वर्षाला ५९ हजार रुपये. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. मुंबईत!

पण जालन्याच्या या बाईचं तसं नव्हतं. तिच्या घराचं कार्ड होतं. प्राधान्य गटातलं. सहा माणसांचं. सासू, सासरे, नवरा, ती आणि दोन मुलं. फक्त ते होतं चारशे किलोमीटरवर.

‘‘अगं, मग ते इथे चालतं!’’ एचआरवाली जवळजवळ ओरडलीच. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’ तिने कुठेतरी वाचलं होतं. ऑगस्ट २०१९मध्ये दोन-दोन राज्यांच्या जोड्यांपासून याची सुरुवात झाली. आंध्र-तेलंगण ही एक आणि गुजरात-महाराष्ट्र ही दुसरी. २०२२पर्यंत सगळा देश त्यात आला. कार्ड गावचं असलं तरी कुठल्याही रेशन दुकानात नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा लावायचा, आपल्या वाट्याचं धान्य घ्यायचं. छापील कार्ड जवळ असायचीही गरज नाही. राज्यातल्या राज्यात तर आणखीच सोपं.

कागदावर एकदम सही! प्रत्यक्षात?

तीन खेपा

पहिली खेप. एचआरवालीने हाफ डे टाकला, मी सोबत. बाईने त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडलं. दुकानाचं शटर अर्धं खाली. ‘‘माल आला नाही. पाच तारखेनंतर या.’’ संपलं.

दुसरी खेप. माल होता, रांगही होती. आमचा नंबर आला तेव्हा दुकानदाराने मान वर न करताच सांगितलं, ‘‘बाहेरगावचं कार्ड इथे चालत नाही.’’ एचआरवाली वाद घालायच्या बेतात होती, पण टेस्टरने शांतपणे फोन काढला आणि १९६७ या हेल्पलाइनला लावायची तयारी केली. दुकानदार त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आरसी नंबर आहे?’’ बारा आकडी नंबर. तो आम्ही सासूकडून फोनवर लिहून घेतलेला होता. मशीनवर टाकला, आणि खरंच, स्क्रीनवर सहाच्या सहा नावं आली! बाईने वाकून बघितलं. तिला वाचता येत नाही, पण धाकट्या मुलाचं नाव दुकानदाराने वाचून दाखवलं तेव्हा ती हसली. ‘‘ह्यो बी हाय व्हय त्यात!’’

पण शिल्लक शून्य. त्या महिन्याचं तीसच्या तीस किलो गावात उचललं गेलेलं.

मला वाटलं, झालं, घोटाळा! बातमी मिळाली! तसं काही नव्हतं. सासू दर महिन्याला जाऊन अंगठा लावते आणि धान्य घेते. कार्डावर सहा नावं, म्हणून सहा जणांचं. चौघं मुंबईला आलेत हे ना तिने सांगितलं, ना मशीनने विचारलं.

त्या संध्याकाळी पुलाखाली बसून फोन लागला. स्पीकरवर. पलीकडून सासूचा आवाज, ‘‘तिकडं मंबईत पैका मिळतुया तुमाला. हितं म्हाताऱ्याला दम्याची गोळी घ्यायची का पीठ घ्यायचं? आमच्या तोंडचा घास कशापायी काढती गं?’’

कुणीच काही बोललं नाही. एचआरवालीने माझ्याकडे पाहिलं, मी डायरीकडे. तोपर्यंत आमच्या डोक्यात ही एक साधी स्टोरी होती : गरीब बाई, अडवणारी सिस्टिम, मदत करणारे तरुण, हॅपी एण्डिंग. आणि इथे तर एकाच धान्याच्या दोन्ही टोकांना भूकच होती. गावातली दोन म्हातारी माणसं त्याच तीस किलोवर जगत होती. खाऊन उरलेलं थोडंफार देऊन तेल-मीठ, गोळ्या आणत होती.

तोडगा काढला तो आमच्यापैकी कुणी नाही, तिनेच काढला. ‘‘अत्याबाई, आमी चौघांचं न्हाई घेत. दोगांचंच घेतो. लेकरांचं. बाकीचं तुमी घ्या.’’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘‘बरं. पोरास्नी भात घाल.’’

महिन्याचं धान्य अशा दोन ठिकाणी वाटून घेता येतं. त्याला इंग्रजीतला कुठलासा भारदस्त सरकारी शब्द आहे. तिने त्याला म्हटलं, ‘‘वाटणी’’.

तिसरी खेप, पुढच्या महिन्यात. नंबर टाकला, नावं आली, शिल्लक दिसली. आता अंगठा! मशीनने घेतला नाही. पुन्हा. नाही. पदराने पुसून पुन्हा. नाही. सिमेंटच्या कामाने तिच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मागच्या रांगेतून आवाज यायला लागले, ‘‘चला ना ओ, आम्हाला पण काम आहे.’’ मी मनातल्या मनात चौथ्या खेपेची तारीख शोधायला लागले. तेवढ्यात दुकानदार, तोच, ‘चालत नाही’ म्हणणारा, म्हणाला, ‘‘बाई, करंगळीजवळचं बोट लावा. त्याने काम कमी होतं, रेषा राहतात.’’

लागलं! मशीनमधून करकर करत पावती बाहेर आली. दहा किलो.

पिशवी डोक्यावर घेऊन ती निघाली. मी ‘रिक्षा करू या’ म्हटलं तर माझ्याकडे अशी पाहिली, जणू मी हेलिकॉप्टर मागवतेय.

फोटो कशाचा टाकायचा?

पुढच्या रविवारी ग्रुपची मीटिंग. उडप्याकडे, कटिंग आणि मेदूवडा. वातावरण गरम. कॉपीवाल्याचं म्हणणं स्पष्ट होतं, ‘‘यार, तीन खेपा, दोन हाफ डे, आणि निष्पन्न काय? दहा किलो! तेवढ्यात आपण शंभर जणांना जेवण दिलं असतं. आणि हे सरकारचं काम आहे, आपण काय एजंट व्हायचं?’’

‘‘दहा किलो दर महिन्याला,’’ एचआरवाली म्हणाली. ‘‘आपण गेलो नाही तरी.’’

‘‘आणि ग्रुपवर फोटो कशाचा टाकणार? पावतीचा?’’

सगळे हसले. पण प्रश्न खोटा नव्हता. द्रोण हातात घेतलेल्या हसऱ्या मुलाचा फोटो टाकला की लाइक्स पडतात, नवीन व्हॉलंटियर येतात. रेशनच्या पावतीला कोण लाइक करणार? शिवाय कॉपीवाल्याच्या बोलण्यात तथ्यही होतंच. ज्याच्याकडे कार्डच नाही, त्याला आज रात्रीचं जेवण कोण देणार?

शेवटी मधला मार्ग निघाला. तीन शनिवार अन्न, चौथ्या शनिवारी फक्त कागद. पहिल्या ‘कागदवारी’ त्यांनी पुलाखाली बसून एका वहीत एकेका बिऱ्हाडाची माहिती लिहून घेतली. सीए माणूस, त्याने लगेच रकाने आखले! आणि मग दिसायला लागलं की ‘रेशन मिळत नाही’ या एका वाक्यात किती वेगवेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. कुणाचं कार्ड गावाला. कुणाच्या कार्डावर मुलांची नावं चढवलेलीच नाहीत. कुणी लग्न होऊन आली, पण नाव अजून माहेरच्या कार्डावर. तिथून कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे चढत नाही. कुणाचं ई-केवायसी राहिलेलं. कुणाकडे केशरी कार्ड, पण त्यावर अन्न सुरक्षा योजनेचा शिक्का नाही, म्हणून धान्य नाही. आणि काहींकडे काहीच नाही. कारण कार्डाला पत्ता लागतो आणि पुलाला पिनकोड नसतो.

यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा. काहींचा दुकानातच होतो, काहींसाठी शिधावाटप कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शेवटच्या गटाचा इलाज सगळ्यात अवघड, आणि तोपर्यंत त्यांच्यासाठी शनिवारची ती गाडी हवीच.

गेल्या शनिवारी मी पुन्हा गेले होते. या वेळी डायरी न घेता. बिर्याणी होती, डाळ होती. गाडी आता हॉटेलातून थेट न येता एका जवळच्या कॅटररकडून संध्याकाळी साडेसातलाच निघते. लंच पार्टीचं, फ्रीजमध्ये ठेवलेलं आणि पुन्हा कडकडीत गरम केलेलं अन्न. मुलं जागी असतात.

तीन विटांच्या चुलीवर भात रटरटत होता. मी द्रोण पुढे केला. तिने पलीकडे बोट दाखवलं. खांबाच्या आडोशाला एक नवीन बिऱ्हाड, एक बाई आणि कडेवरचं बाळ.

‘‘मला नगं आज. तिला द्या. कालच आली हाय.’’ आणि मग, अगदी आमच्या एचआरवालीच्या थाटात, ‘‘आन् तिचं कार्ड कुठं हाय, ते बी इचारा!’’

तुम्हीही करू शकता...

• घरापासून सुरुवात : तुमच्याकडे येणाऱ्या कामवाल्या मावशी, वॉचमन काका, ड्रायव्हर यांना रेशन मिळतं का, एवढं फक्त विचारा. कार्ड गावाला असेल तर ते इथे चालतं, हे अनेकांना माहीतच नसतं.

• नंबर जपून ठेवा : धान्याच्या तक्रारीसाठी हेल्पलाइन १९६७. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’साठी १४४४५. ‘मेरा राशन’ या सरकारी अॅपवर कार्डावरची नावं आणि जवळची दुकानं दिसतात.

• सोबत जा : फॉर्म भरून देण्यापेक्षा दुकानापर्यंत सोबत गेलात तर फरक पडतो. आवाज चढवायची गरज नाही. आरसी नंबर, आधार आणि थोडा पेशन्स पुरे. अंगठा लागत नसेल तर दुसरं बोट लावून बघायला सांगा. आणि हो, गावाकडे कोण आहे तेही आधी विचारा. तिथलं ताट रिकामं करून इथलं भरायचं नाहीये.

• पार्टी आहे? कॅटररला आधीच सांगून ठेवा. वाढायच्या आधीच काही अन्न वेगळं, गरम राखून ठेवलं तर ते देता येतं. बुफे संपल्यावर रात्री एक वाजता फोन करू नका.

• फोटो : द्यायचं ते द्या. समोरच्याचा चेहरा मात्र त्याचाच राहू द्या.